कारणाचा रकाना

दुपारचे दोन वाजले होते आणि सुभेदार नानासो चिडलेले होते. यात नवल काही नव्हतं. फौजेतून निवृत्त होऊन ते बनाचीवाडीला परतले त्याला अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत दुपारी दोन वाजता शांत बसलेले सुभेदार कोणी पाहिले नव्हते. माणसांचा ढिलेपणा त्यांना सोसत नसे. बनाचीवाडीत पाण्याची टंचाई असली तरी ढिलेपणाची कधीच नव्हती.

आज धोंडुबाई दारात येऊन उभी होती. सत्तरी ओलांडलेली, सारं आयुष्य मेंढरांमागे काढलेली म्हातारी. एक डोळा लालभडक, आणि डोक्यापासून पायापर्यंत हरभऱ्याच्या भुशाने माखलेली.

"नाना, त्यो तुमचा पत्र्याचा झेंडा उतरवा बगा," ती म्हणाली. "झेंडा बगून हरबरा उफणाय हुबी ऱ्हायले, आन समदं भुसकाट माज्याच डोळ्यात."

"मावशी, उफणताना वाऱ्याकडं बगायचं. झेंड्याकडं कशापायी बगतीस?"

"आता वारं काय डोळ्याला दिसतंय व्हय? माजी सासू झेंडा बगायची, तिची सासू झेंडा बगायची. झेंडा जिकडं, भुसकाट तिकडं. तुमचा झेंडा कवाबी बगावा तर आपला उगवतीकडंच!"

"त्येला शिस्त म्हणत्यात," सुभेदार म्हणाले आणि विषय संपवला.

झेंड्याची हकीकत अशी. बनाचीवाडी औंधाच्या बरीच पूर्वेला, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर, उघड्याबोडक्या माळावर वसलेली. वाऱ्याला अडवायला ना झाड, ना डोंगर. बिरोबाच्या देवळावरचा कापडी झेंडा महिन्याभरात चिंध्या होऊन काठीला लोंबायचा. देवाच्या डोक्यावर चिंध्या? सुभेदारांना ते बघवेना. गेल्या दसऱ्याला त्यांनी स्वतः पत्र्याचा झेंडा बनवून आणला. पाच फूट लांब, फडफडतोय असं वाटावं म्हणून हातोडीने ठोकून लाटा पाडलेल्या, वर भगवा ऑइलपेंट, आणि त्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत : 'अर्पण - सुभेदार (निवृत्त) नानासो'. दक्षिणेच्या एसटी रस्त्यावरून हे नाव काठीपासून सुरू होऊन नीट वाचता यावं म्हणून झेंड्याचं टोक पूर्वेला करून वेल्डिंग मारलं होतं. तेव्हापासून वारा कसाही असो, बनाचीवाडीचा झेंडा 'सावधान'मध्ये उभा होता.

धोंडुबाई पुटपुटत वळली. सुभेदार काठी घेऊन शेततळ्याकडे निघाले. रोज दुपारी ते पाण्याची पातळी मोजून वहीत लिहीत. शेततळ्यात त्यांचा जीव होता. तीनशे डाळिंबांची झाडं फुलावर आली होती, आणि त्यांना जूनपर्यंत जगवायचं तर माळावर पाणी एवढंच. तळ्याला काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, भोवती तारेचं कुंपण, मधोमध फुटाच्या खुणा रंगवलेला खांब. पाणी नऊ फुटांवर होतं. सुभेदारांनी समाधानाने पेन काढलं.

तेवढ्यात वहीवरून एक सावली गेली.

त्यांनी वर पाहिलं. उगवतीच्या बाजूने, हरभरा काढलेल्या लांबच लांब रानावरून, एक भलंमोठं पांढरं विमान खाली येत होतं. आवाज नाही, घरघर नाही, काही नाही. ते रानाच्या त्या टोकाला टेकेल असं वाटत होतं, पण टेकेना. जमिनीपासून हातभर उंचीवर तसंच सुसाट पुढे येत राहिलं. अर्ध्या रानात एकदा टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, तारेचं कुंपण सोबत घेतलं, बांधावर चढलं आणि पलीकडे नाक खाली करून सुभेदारांच्या तळ्यात शिरलं.

सुभेदारांच्या तोंडून जे शब्द निघाले ते फौजेतले होते आणि इथे देण्यासारखे नाहीत.

विमानाचं काचेचं झाकण उघडलं. आतून पंचविशीतली एक मुलगी बाहेर आली, गळ्याइतक्या पाण्यात उतरली, आणि खरचटलेलं कोपर धरून म्हणाली, "सॉरी काका. तुम्हाला लागलं नाही ना?"

"काका? कोण काका? आदी ह्ये विमान काड माज्या तळ्यातनं!"

"विमान नाही काका, ग्लायडर आहे. मी उत्कर्षा. पुण्याकडून निघाले होते, परत तिकडेच जायचं होतं. पण उंची कमी पडली."

"इंजिन बंद पडलं व्हय?"

"इंजिन नसतंच याला."

चीनच्या सीमेपासून राजस्थानच्या वाळवंटापर्यंत सुभेदारांनी पुष्कळ ढिलेपणा पाहिला होता, पण हा त्याच्याही पलीकडचा होता.

"इंजिन न्हाई? मग वर गेलीस कशावर?"

"वाऱ्यावर."

"आन खाली आलीस?"

"तेही वाऱ्यावरच."

एव्हाना सुभेदारांच्या पत्नी शालूबाई डाळिंबातून धावत आल्या होत्या. मागोमाग डोळा चोळत धोंडुबाईही. शालूबाईंनी एकदा तळ्याकडे, एकदा बांधाच्या बाहेरच्या अंगाकडे पाहिलं आणि ओरडल्या, "आवं, बांध पाझराय लागलाय! कागद फाटलाय!"

पाण्याखाली, ग्लायडरच्या नाकाशेजारी, कागदाला चांगली हातभर चीर गेली होती. उत्कर्षाने पायाने चाचपून पाहिली. "लगेच काहीतरी दाबून धरावं लागेल. नाक थोडं बाजूला सारलं की जमेल."

"खबरदार!" सुभेदारांनी काठी आपटली. "कुणी कशाला हात लावायचा न्हाई. आदी पंचनामा!"

"आवं, पाणी चाललंय!"

"पाणी मोजून चाललंय. मी लिवून ठेवतोय. पुरावा हालला की खेळ खलास." आणि खरोखरच त्यांनी वहीत वेळ टाकून लिहिलं : आठ फूट अकरा इंच. लिहिताना पेन कागदात रुतत होतं. रागाने की पाण्याच्या काळजीने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग त्यांनी साताऱ्याच्या हद्दीतल्या पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणूस मेलंय का?"

"न्हाई."

"बरं. शेपूट कुटं हाय म्हणाला?"

"बांधाच्या भाईर."

"म्हंजे सांगली जिल्ह्यात. मग तिकडं लावा."

सुभेदारांनी तिकडं लावला. तिकडच्यानेही शांतपणे ऐकलं. "नाक कुटं हाय?" त्याने विचारलं. नाक साताऱ्यात आहे म्हटल्यावर त्याने पुन्हा साताऱ्याचा नंबर दिला. सुभेदारांच्या कानशिलावरची शीर उडू लागली. देशाच्या हद्दी राखायला सव्वीस वर्षं घालवलेल्या माणसाला स्वतःच्या तळ्याची हद्द सापडेना.

शेवटी तलाठी राजरत्न मोटारसायकलवरून आले. तरुण, शांत, सुरेख अक्षराचे गृहस्थ. बांधावर उकिडवे बसून त्यांनी पिशवीतून छापील कागद काढला.

"नाना, कारणाच्या रकान्यात गारपीट हाय, अतिवृष्टी हाय, वीज हाय, आग हाय, वन्यप्राणी हाय. ग्लायडर न्हाई."

"मग?"

"वन्यप्राणी धरू का? पंख हायत."

"भाऊसाहेब!" सुभेदारांचा आवाज माळभर गेला. "मी हितं हुबा जळतोय आन तुमी चेष्टा करताय? भरपाई मिळंल न मिळंल, ती माजी अडचण न्हाई. चूक कुणाची ते कागदावर आलं पायजे! कारण लिवा. जबाबदार माणसाचं नाव लिवा. त्येच्याबगार मी सही करणार न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई, कवाच न्हाई!"

"बरं," राजरत्न म्हणाले, कागद उलटा केला आणि वर सुबक अक्षरात लिहिलं : कारण, सविस्तर.

इकडे तळ्यात वेगळंच चाललं होतं. शालूबाईंनी मुलीला तिचं गाव विचारलं होतं. आजोळ कुंडलचं निघालं. कुंडल म्हणजे शालूबाईंच्या थोरल्या बहिणीचं सासर! त्या क्षणी शालूबाईंनी पंचनाम्याला मनातून रजा दिली. त्यांनी आणि धोंडुबाईने मिळून ग्लायडरचं नाक वीतभर बाजूला सारलं. उत्कर्षाने पाठीवरचं पॅराशूट सोडून त्याचं कापड पाण्याखाली चिरेवर पसरलं. त्यावर धोंडुबाईने आपली घोंगडी दिली.

"ऱ्हाऊ द्या आजी, खराब होईल," उत्कर्षा म्हणाली.

"घाल गं पोरी. चाळीस पावसाळं अंगावर झेलल्यात तिनं. पाण्याला काय भीती तिला?"

वर मातीची पोती ठेवली. पोती जागची सरकू नयेत म्हणून उत्कर्षा त्यांच्यावर उभी राहिली, गळ्याइतक्या पाण्यात, दात वाजत. सुभेदारांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण ते आता चौकशीला उभे राहिले होते आणि चौकशी अर्ध्यावर सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"नाव सांग!" ते बांधावरून गरजले.

"उत्कर्षा."

"उतरताना वारं तुज्या पाठीकडनं हुतं का न्हाई? खरं सांग!"

"हो काका. पाठीमागून होतं. म्हणूनच थांबलं नाही. समोरून असतं तर रानाच्या मध्यावरच थांबले असते."

"लिवा, भाऊसाहेब! कबुली दिली तिनं!" सुभेदारांच्या चेहऱ्यावर दुपारनंतर पहिल्यांदाच तेज आलं. "आगं, घार बगितलीस का कवा? बगळा? साधा कावळाबी वाऱ्याकडं तोंड करून उतारतोय. तुज्यापरीस कावळ्याला अक्कल जास्त! ह्येबी लिवा."

"कावळा गाळतो, नाना. सरकारी कागद हाय."

"बरं गाळा. पण ह्ये लिवा. सवाल : उतरायच्या आदी वारं कुटनं हाय ते बगितलं का न्हाई?"

"बघितलं," उत्कर्षा म्हणाली.

"खोटं!"

"खरंच, काका. वर पश्चिमेचं वारं होतं. खाली आल्यावर ते बदललंय अशी शंका आली. म्हणून मुद्दाम आधी धूर शोधला. धूर कुठे जातो त्यावरून कळतं. पण अख्ख्या गावात कुठेच धूर दिसला नाही."

"कसा दिसंल?" धोंडुबाई म्हणाली. "नानांनी कचरा पेटवाय बंदी घातलीया."

"मग वाळत घातलेले कपडे शोधले. तेही दिसले नाहीत."

शालूबाईंनी पदराने तोंड पुसलं. "देवळाच्या बाजूला दोऱ्या बांदायच्या न्हाईत म्हणून ह्येंनीच सांगितलंया. गबाळं दिसतंय म्हणत्यात."

राजरत्नांचं पेन चालू होतं. सुभेदारांना कुठेतरी काहीतरी खटकलं, पण गाडी उताराला लागली होती आणि ब्रेक त्यांच्या हातात नव्हता.

"मग वारं बगितलंस तरी कशावरनं?"

"झेंड्यावरून," उत्कर्षा म्हणाली. "देवळावरच्या. एकदम स्पष्ट दिसत होता, टोक पूर्वेला. म्हटलं, वारं पश्चिमेचंच आहे, आपली शंका खोटी. इतका ताठ झेंडा मी कधी पाहिला नव्हता. वाटलं, खाली फार जोराचं वारं दिसतंय. समोरून मिळेल म्हणून पश्चिमेकडे तोंड करून उतरले."

सगळ्यांच्या माना देवळाकडे वळल्या. तिथे सुभेदारांचा झेंडा उन्हात झळकत, आपल्या सगळ्या लाटांसकट, उगवतीकडे टोक करून उभा होता. धोंडुबाईने आपल्या केसातली भुशाची चिमूट काढली, हात वर केला आणि सोडून दिली. भुसा मावळतीकडे वाहत गेला आणि नेमका सुभेदारांच्या मिशीवर जाऊन बसला.

"त्यो देवाचा झेंडा हाय!" सुभेदार मिशी झटकत म्हणाले. "विमानवाल्यांसाठी न्हाई बांदलेला! झेंडा बगून काय कुणी विमान उतरवतंय व्हय?"

"मग काय बगायचं?" धोंडुबाईने विचारलं. "कावळा?"

शालूबाईंना हसू आवरेना. त्या पोतं नीट करायच्या निमित्ताने पाठमोऱ्या झाल्या. राजरत्न मात्र हसले नाहीत. त्यांनी 'कारण' पुरं केलं, खाली रेघ ओढली आणि विचारलं, "आता जबाबदार माणसाचं नाव. झेंडा कुणी बसिवला?"

"तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"मला ठावं असून चालत न्हाई, नाना. जाग्यावर खात्री करावी लागती." त्यांनी डोळ्यावर हात धरून देवळाकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "अर्पण. सुभेदार. निवृत्त. नानासो." मग मनापासून म्हणाले, "अक्षर झ्याक काडलंय. हितनंबी दिसतंय."

"ते नाव लिवायची गरज न्हाई," सुभेदार म्हणाले. आवाज पहिल्यासारखा माळभर गेला नाही.

"तुमीच म्हणला, नाना. नावाबगार सही न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई."

"कवाच न्हाई," धोंडुबाईने राहिलेलं पुरं केलं.

सुभेदारांनी कागद हातात घेतला. तीनदा वाचला. एकही चूक सापडेना, एकही खाडाखोड नाही. कागद फाडावा असं त्यांना वाटलं. ही मुलगी, ही म्हातारी, हा तलाठी आणि हा वारा, सगळे मिळून आपल्याविरुद्ध उठलेत असंही वाटलं. मग त्यांची नजर तळ्यातल्या खांबावर गेली. पाणी साडेआठ फुटांवर होतं, आणि बराच वेळ साडेआठ फुटांवरच होतं. तीनशे झाडांचं पाणी त्या मुलीच्या दोन पायांखाली अडलेलं होतं. तिचे ओठ निळे पडले होते आणि तरी ती पोत्यांवरून हलली नव्हती. सुभेदारांना लाज वाटली. ती रागाएवढीच मोठी होती, आणि तिची त्यांना सवय नव्हती.

त्यांनी पेन मागितलं. 'तक्रारदार' लिहिलं होतं तिथे नेहमीची लफ्फेदार सही केली. 'जबाबदार' लिहिलं होतं तिथे बारीकशी केली. धोंडुबाईने पंच म्हणून अंगठा इतक्या जोरात उठवला की शाई मागच्या पानावर उतरली.

"आता भाईर ये, पोरी," सुभेदार म्हणाले आणि स्वतः बूट काढून पाण्यात उतरले. "पोत्यावर मी ऱ्हातो. तू जा, काकूबरोबर घरी जा, च्या घे." पोत्यांवर पाय रोवत त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "ताठ दिसत हुता म्हणालीस?"

"एकदम ताठ, काका."

"हं," सुभेदार म्हणाले. तेवढ्यापुरतं त्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी पुण्याहून लांबलचक ट्रेलर घेऊन चार माणसं आली. त्यांनी ग्लायडरचे पंख काढले आणि ते कुंपणाच्या तारेसकट उचलून नेलं. पॅराशूट मात्र तळ्यातच राहिलं. नवा कागद येईपर्यंत ते काढायचं नाही असं उत्कर्षाने त्यांना बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनाचीवाडीने पाहिलं तर सुभेदार देवळाच्या शिखराशी शिडीवर उभे. पत्र्याचा झेंडा कापून खाली टाकला होता. शालूबाईंनी तो कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलाही होता, नाव वरच्या बाजूला ठेवून. सुभेदारांच्या हातात नवं कोरं भगवं कापड होतं. वारा ते धरू देत नव्हता. कापड एकदा त्यांच्या तोंडावर बसे, एकदा शिडीला गुंडाळलं जाई, आणि सुभेदार वाऱ्याला फौजेतले शब्द ऐकवत होते. शेवटी गाठ बसली. कापड सुटलं आणि फाडफाड आवाज करत मावळतीकडे झेपावलं.

खाली खळ्यावर धोंडुबाई हरभऱ्याने भरलेलं सूप घेऊन उभी होती. तिने मान वर केली.

"नाना, वारं कुटनं हाय ओ?"

सुभेदारांनी शिडीवरून खाली वाकून पाहिलं. चेहरा लालबुंद झाला होता.

"मला काय इचारतीस?" ते ओरडले. "झेंड्याकडं बग की! झेंडा कशापायी लावलाय हितं?"

धोंडुबाईने झेंड्याकडे बघितलं, उगवतीकडे पाठ केली आणि सूप डोक्यावर उचललं.